तिकीट नांदेडचं, आई परभणीची

आज संध्याकाळी सहा वाजता मी परभणी स्टेशनवर आईला मुंबईच्या गाडीत बसवून देत होतो. उद्या तिला तिथे गुडघा दाखवायचा आहे. मला सुट्टी नाही, मावशी तिला उतरवून घेणार आहे.

परभणीहून जागा मिळत नव्हती, म्हणून इथले सगळे करतात तसं मी आधीच्या, नांदेड स्टेशनहून तिकीट काढलं. आईच्या नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी दोनदा ताडून पाहिलं. 'बोर्डिंग'पुढे नांदेड आपोआप आलं होतं, ते तसंच राहू दिलं. आमच्याकडे बोर्डिंग म्हणजे वसतिगृह, एवढंच मला ठाऊक.

डब्यात आईच्या सीटवर दुसरेच गृहस्थ बसलेले. टीसी म्हणाले, "बोर्डिंग म्हणजे माणूस जिथून चढणार ते स्टेशन. आधीच बदलून घ्यायचं असतं. बाई नांदेडला चढल्या नाहीत, मधल्या पूर्णेलाही नाहीत. सीट दिली दुसऱ्याला."

"साहेब, पैसे तर नांदेडपासूनचे भरलेत."

"पैसे चढले हो, बाई कुठं चढल्या?"

आई मलाच म्हणाली, "उतर बाबा, गाडी हालायलीय. मी बघते माझं."

आत्ता फोन केला तर म्हणते, "बसलेय रे, वारं लय छान लागायलंय." सीट नसलेल्याला एवढं वारं फक्त दाराशी लागतं, आणि गुडघ्यामुळे तिला खाली बसता येत नाही.

मित्रांनो, जालन्याहून किंवा संभाजीनगरहून आज या गाडीत कुणी चढणार आहे का? एस-चार डबा, हिरवी साडी. तिला थोडं टेकू द्या. ती स्वतःहून मागणार नाही.