सोमवारी काढणे

इस्पितळातल्या कॉम्प्युटरांच्या सगळ्या वायरींचे धनी एकच, जाळेकाका. तीस वर्षं स्विचखोलीची किल्ली त्यांच्या कमरेला होती. तिचा आवाज आला की मोठे डॉक्टरसुद्धा वायरीवरचा पाय निमूट उचलायचे. कोणी "तात्पुरतं जोडून द्या ना" म्हटलं की काका उसळायचे, "तात्पुरतं ही आपल्या धंद्यातली शिवी आहे!"

यंदा एक्स-रेची चित्रं साठवायला डिस्कचं नवंकोरं कपाट आलं. ते सांभाळणारी ताई काकांच्याच हाताखाली तयार झालेली. काकांनी हौसेनं प्रत्येक स्विचवर, म्हणजे वायरी एकत्र येतात त्या डब्यावर, चित्रांसाठी वेगळी वाट काढली आणि डेटाची पुडकी मोठी केली. सहा खेपांचं काम एका खेपेत. कागदावर सगळं झकास. पण तळमजल्यावर एक्स-रेवाल्या डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर चित्र काही उघडेना. छोट्या चिठ्ठ्या सुसाट पोचायच्या, चित्रं मात्र वाटेतच गडप.

"कपाटात खोट आहे," काका म्हणाले.

"वाटेत आहे, काका," ताई म्हणाली.

"माझ्या वाटेत? निघाली तर ही किल्ली तुझी!"

काका हे सगळ्यांदेखत बोलले. तोंडातून गेलं आणि हात कमरेच्या किल्लीवर गेला, कारण निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती आणि त्या किल्लीशिवाय आपल्याला कोण विचारतो, हे काका ओळखून होते.

कपाटाचीच खोट सिद्ध करायला काका निघाले. स्विचमागून स्विच, मोठं पुडकं पाठवून पाहिलं. सगळीकडून सरळ पार. तळमजल्यावर मात्र अडलं. वायरीचा माग काढत काका फायलींच्या कपाटामागे शिरले आणि तिथे धुळीत बसलेला, तळहाताएवढा जुना स्विच सापडला. मोठं पुडकं आलं की हा बेटा न बोलता टाकून देत होता. वर चिकटवलेली चिठ्ठी होती. अक्षर ओळखायला चष्मा लागला नाही.

"तात्पुरता. सोमवारी काढणे."

त्या सोमवाराला आठ वर्षं झाली होती.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. स्विच खिशात मावत होता. सरळ वायर जोडली असती तर चित्रं धावली असती आणि काकाही सुटले असते. काकांनी तो खिशात घातलाही. मग ताईला शिकवताना किती वेळा याच शब्दावरून रडवलं होतं ते आठवलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

वायर सरळ जोडून ते वर आले. स्विच आणि किल्ली, दोन्ही ताईच्या टेबलावर ठेवली.

ताईनं चिठ्ठी वाचली. हसली नाही, यातच तिचं शिक्षण दिसलं. तिनं एक कोरी चिठ्ठी घेतली, काहीतरी लिहून किल्लीला चिकटवली आणि किल्ली आपल्या कमरेला अडकवली.

काकांनी वाकून वाचलं. "तात्पुरती. सोमवारी परत देणे."

काकांचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत ते दारापर्यंत गेले आणि थबकले.

"ताई, कुठल्या सोमवारी गं?"

"ते तुम्ही तरी कुठं लिहिलं होतं, काका?"