मखमल लावलेला कॉम्प्युटर

एल्वेझिओ बाचिगालुपीबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं आम्ही जुनी माणसं भेटलो की म्हणायचो. आमच्यातली ज्यांना लिहिता येत होतं ती एकेक करून गेली आणि उरलो मी. मला तारा जोडता येतात, वाक्यं जोडायची फारशी सवय नाही. तेव्हा आठवतं तसं सांगतो, चूकभूल द्यावी घ्यावी.

एल्वेझिओ अ‍ॅकॉर्डियनच्या पेट्या बनवायचा. अ‍ॅकॉर्डियन नव्हे, ते ज्यात ठेवतात त्या पेट्या. सॅन फ्रान्सिस्कोला नॉर्थ बीचच्या इटालियन वस्तीत, एका गल्लीत त्याचा जन्म गेला. बाहेरून लाकडावर काळं चामडं, आतून लाल मखमल, आणि मखमल चिकटवायला सरस तो स्वतः उकळायचा. त्याची पेटी उघडली की आतल्या वाद्यापेक्षा लोक आधी मखमलीवर हात फिरवायचे, असं तो सांगायचा. वाद्य वाजवणाऱ्यांना हे पटत नसे.

मग गिटारी आल्या. पोरं त्या नुसत्याच खांद्याला अडकवून फिरायला लागली, पेटी नाही की गवसणी नाही. अ‍ॅकॉर्डियनची दुकानं एकामागून एक बंद पडली. साठी उलटल्यावर एल्वेझिओ खाली खोऱ्यात, जिथं कॉम्प्युटरच्या कंपन्या निघत होत्या तिथं, नोकरी शोधत आला आणि आमच्याकडे लागला. आम्ही म्हणजे थेअर लिंडक्विस्ट नावाचा हुशार आणि घायकुता मालक, मी, आणि आणखी मूठभर माणसं. जर्दाळू वाळवायच्या एका जुन्या शेडमध्ये आम्ही हातात धरून कुठंही नेता येईल असा कॉम्प्युटर बनवत होतो. त्याचं नाव ठेवलं होतं पिलग्रिम. तो हातात धरून नेता येत होता हे खरं, पण नेणारा माणूस एका अंगाला कलायचा हेही खरं. पडदा पोस्टकार्डाएवढा होता. आणि जिथं न्याल तिथं भिंतीत प्लग असावा लागे.

पहिलं खोकं आम्ही पत्र्याचं केलं होतं. त्याचा उचलायचा कान तुटला आणि ते थेअरच्या पायावर पडलं. त्या दुखऱ्या पायानं लंगडतच थेअरनं एल्वेझिओला कामावर घेतलं.

एल्वेझिओला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याची त्याला लाज नव्हती.

"पोरा," तो मला विचारायचा, "हे वाजतं कसं?"

"वाजत नाही. लिहितं."

"एवढं जड असून नुसतं लिहितं?"

मी तेव्हा चांगला दोन मुलांचा बाप होतो, पण त्याच्या लेखी पोरच. दुपारी तो सलामी, म्हणजे खारवलेल्या मांसाचे काप, घातलेला जाडजूड पाव काढायचा, अर्धा मोडून माझ्या हातात कोंबायचा आणि मी शाकाहारी आहे हे आठवल्यावर त्यातली सलामी काढून घ्यायचा. रोज हेच.

एक्क्याऐंशी सालच्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोला कॉम्प्युटरची मोठी जत्रा भरायची होती आणि तिथं पिलग्रिम पहिल्यांदा लोकांसमोर येणार होता. त्याआधी काही आठवडे थेअर एल्वेझिओच्या बाकाशी आला.

"जत्रेनंतर खोकी प्लास्टिकच्या कारखान्यातून येणार. साच्यातून. झटपट."

एल्वेझिओनं रंधा खाली ठेवला. "आणि मी?"

"जत्रेपर्यंत आहेस की."

ही गोष्ट एल्वेझिओनं बायकोला, नोरिनाला, सांगितली नाही. मला मात्र दुसऱ्या दिवशी पाव मोडताना म्हणाला, "पोरा, माझा धंदा एकदा बुडालाय. दुसऱ्यांदा बुडवून घ्यायला मी तयार नाही. जत्रेत लोक माझी पेटी बघतील, मग थेअरला म्हणावं, आण तुझं प्लास्टिक."

आणि त्या एका पेटीत त्यानं सगळा जीव ओतला. काळं चामडं, पितळी कोपरे, हाताला लोण्यासारखा लागणारा कान. स्क्रू दिसले तर पेटी गरीब दिसते, म्हणून स्क्रूंवरूनही चामडं चढवलं. निघायच्या आदल्या दिवशी पाठीची फळी त्यानं स्वतःच बसवली, मला हातही लावू दिला नाही. मीही आग्रह केला नाही. मला कुणालाच आग्रह करता येत नाही.

जत्रेत आमच्या वाट्याला एक टेबल आणि त्यामागं निळा पडदा आला होता. टेबलावर चार पिलग्रिम मांडले होते, त्यातले तीन पोकळ. तेव्हा सगळेच तसं करायचे, चालता एकच असायचा. तो पडद्याच्या फटीशी पाठ लावून ठेवला होता आणि पडद्याआड मी बसलो होतो, काही बिघडलं तर पाहायला. माझ्याशेजारी एल्वेझिओ आणि त्याचा चुलतभाऊ प्लिनिओ. प्लिनिओला संध्याकाळी एका लग्नात वाजवायचं होतं, त्यामुळं तो चकचकीत कोट घालून, मांडीवर अ‍ॅकॉर्डियन घेऊन आला होता. बाहेर गर्दीत पहिल्या रांगेत नोरिना, पिसाची टोपी घालून. आजूबाजूच्यांना ती सांगत होती, "ती पेटी माझ्या नवऱ्याची. आत काय आहे ते दुसऱ्या कुणाचं आहे."

थेअरनं सुरुवात झोकात केली. पिलग्रिम एका हातानं उचलून दाखवला, चेहरा हसरा ठेवून. मग प्लग लावला आणि वर्तमानपत्राकडून आलेल्या एका बाईंना म्हणाला, "तुम्ही पत्र सांगा, मी लिहितो." बाईंनी आपल्या घरमालकाला गळक्या नळाबद्दल कडक पत्र सांगायला सुरुवात केली. लोक हसायला लागले, गर्दी वाढली.

थोड्या वेळानं थेअरचा आवाज बदलला. मी फटीतून मान पुढं काढून पाहिलं तर यंत्राच्या पडद्यावरची अक्षरं पाण्यातल्या माशांसारखी हलत होती. मी यंत्राच्या पाठीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. तवा तापावा तशी तापली होती. पाठीच्या फळीला मी हवेसाठी भोकांच्या रांगा आखून दिल्या होत्या. भोकं होती, पण त्यातून हवेची झुळूकही येत नव्हती. डोळा लावून बघितलं तर आत लालच लाल.

"एल्वेझिओ," मी कुजबुजलो, "आत काय लावलंयस?"

"मखमल." त्याचा चेहरा फुलला. "म्हटलं अचानक दाखवू. उघडल्यावर बघशील, पोरा! तुझ्या भोकांतून धुकं आत गेलं असतं. या गावचं धुकं तुला माहीत नाही, चांगल्या चांगल्या वाद्यांचे सूर उतरवतं."

"ती भोकं गरम हवा बाहेर जायला होती."

वाद्याला थंडीची भीती, ओलीची भीती. एखादं वाद्य स्वतःच तापतं, हे त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"म्हणजे मी याचा दम कोंडलाय?"

"हो."

"मग बंद कर ना!"

"बंद केलं तर पत्र पुसलं जाईल. बाहेर वर्तमानपत्रवाली बसलीय."

"पाठ उघड!"

"स्क्रूवर तूच चामडं चढवलंयस."

प्लिनिओ म्हणाला, "चामडं फाड."

"तू गप्प बस," एल्वेझिओ म्हणाला. मग खिशातून चामडं टोचायची आरी काढून त्यानं एकेका भोकातून आपलीच मखमल फाडायला घेतली. मी म्हणत होतो, "फार आत नको, झटका बसेल," आणि तो प्रत्येक भोकाला इटालियनमध्ये काहीतरी म्हणत होता. मला वाटतं, माफी मागत होता.

भोकं मोकळी झाली, पण आतली उष्णता हलेना. फुंकर मारून काय होणार? तेवढ्यात एल्वेझिओचं लक्ष प्लिनिओच्या मांडीकडे गेलं.

अ‍ॅकॉर्डियनला एक बटण असतं. ते दाबून भाता ओढला की सूर निघत नाही, नुसती हवा येते-जाते. पेटीत ठेवताना भाता मिटायला ते लागतं.

"हवेचं बटण दाब," एल्वेझिओ म्हणाला, "आणि मार भाता इथं."

"हे लग्नाचं वाद्य आहे!"

"प्लिनिओ, तुझ्या आईची शपथ."

प्लिनिओनं कोटाच्या बाह्या वर केल्या, वाद्याचा कुल्ला यंत्राच्या पाठीला भिडवला आणि भाता मारायला लागला. आपल्याकडे लोहार मारतो तसा. फूस, फूस. हळूहळू हवा खेळायला लागली. मी पुन्हा मान काढून पाहिलं, अक्षरं स्थिर झाली होती आणि घरमालकाला कोर्टाची धमकी मिळत होती.

इथंच सगळं निभावलं असतं. पण प्लिनिओच्या बोटाला घाम आला, बटण निसटलं आणि एक भरदार सूर सगळ्या दालनात घुमला.

बाहेर सगळ्यांनी माना उंचावल्या. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा वाजतोसुद्धा!"

"वाजतो?" बाई पुढं सरकल्या. "हे तुम्ही सांगितलं नव्हतंत."

थेअर म्हणाला, "ते... त्याचं शेवटी सांगणार होतो."

"नाचायचा वॉल्ट्झ येतो का?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

थेअरनं टाचेनं पडद्याला लाथ मारली. प्लिनिओनं उभ्या आयुष्यात कुणाची फर्माईश मोडली नव्हती. त्यानं वॉल्ट्झ सुरू केला. भाता चालूच होता, सुरांच्या मधे मधे बटण दाबून हवाही सोडत होता. गर्दी उसळली. शेजारच्या टेबलांवरची माणसं उठून आली. नाव नोंदवायला रांग लागली, ती दारापर्यंत गेली.

थेअरनं पडद्याच्या फटीतून तोंड आत घातलं. घामाघूम, पण डोळे चमकत होते. "थांबू नका! एल्वेझिओ, तू कायमचा! प्लास्टिक गेलं खड्ड्यात!"

मी एल्वेझिओचा हात धरून हलवला. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. नुसतं स्टुलावर बसून राहायचं होतं. पण तो बसेना. त्याचे कान लाल झाले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"वाजवतोय प्लिनिओ," तो म्हणाला, "आणि टाळ्या या खोक्याला?"

"एल्वेझिओ, नोकरी..."

"गिटारीनं धंदा घेतला, चालेल म्हटलं. हा तर वाजवणाऱ्याचं नावही लाटतोय!"

मी त्याला धरायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी ठरवायच्या आत त्यानं पडदा सर्रकन ओढला.

रांगेतली सगळी माणसं बघत राहिली. चकचकीत कोटातला घामेजलेला प्लिनिओ, कॉम्प्युटरच्या कुल्ल्याला भिडवलेलं अ‍ॅकॉर्डियन, आणि हातात आरी घेतलेला एल्वेझिओ.

"हा माझा चुलतभाऊ प्लिनिओ!" एल्वेझिओ गरजला. "वाजवतोय तो! याला वाजवता येत नाही. हा नुसता लिहितो. आणि तापलाय, कारण मी मूर्खानं त्याला आतून मखमल लावलीय!"

नोरिना ओरडली, "घरी चल, मग दाखवते तुला मूर्ख!"

जो हशा उठला तसा मी त्यानंतर कुठल्या जत्रेत ऐकला नाही. रांग मात्र भराभर वितळली. वॉल्ट्झवाला म्हातारा आधी गेला. थेअर खुर्चीत बसला आणि त्यानं तोंड हातांत लपवलं. वर्तमानपत्राच्या बाई तेवढ्या जागच्या हलल्या नव्हत्या.

"गाणं येत नाही त्याला?" त्यांनी विचारलं.

"नाही," थेअर हातांआडून म्हणाला.

"माझं पत्र आहे का आत?"

"आहे."

"मग छापून द्या. घरमालकाला आजच पाठवायचंय."

शेजारच्या प्रिंटरवर पत्र छापून आलं. ते पाहून रांगेतल्या काही माणसांनी नावं दिली. पत्र लिहायचीच गरज असलेली माणसं होती ती. एक वकील, एक पाद्री, एक घटस्फोट घेत असलेली शिक्षिका. फार नव्हती, पण शेड चालू राहील एवढी होती.

संध्याकाळी सामान भरताना थेअर एल्वेझिओसमोर उभा राहिला. दोघांच्या मध्ये फाटक्या मखमलीची ती पेटी होती.

"खोकी प्लास्टिकचीच येणार," थेअर म्हणाला.

"बरं." एल्वेझिओ आरी पुसत होता.

"आतून कुठं कोंडतंय, कुठं तापतंय हे बघायला कुणीतरी लागेल. चालू करून, पाठीशी बसून. तुला त्याचा अनुभव आहे."

एल्वेझिओनं वर पाहिलं. "म्हणजे मी भोकं बघायची?"

"भोकं बघायची."

"पगार?"

"तोच."

एल्वेझिओनं बराच विचार केल्याचा आव आणला. मग नोरिनाकडे जाऊन म्हणाला, "मला ठेवलंय."

"कशासाठी?"

"भोकांसाठी."

नोरिनानं टोपी काढून त्याच्या पाठीत मारली, पिसं उडेपर्यंत. पहिल्यांदाच तिला कळलं होतं की ठेवतात की नाही असा प्रश्नही होता. मग त्याच टोपीनं तिनं डोळे पुसले आणि प्लिनिओला, लग्नाला उशीर होतोय म्हणून, झापायला गेली.

प्लास्टिकचं पहिलं खोकं उन्हाळ्यात आलं. गुळगुळीत, करडं, दिसायला कुणालाही बरं वाटेल असं. एल्वेझिओनं त्यात यंत्र बसवायला लावलं, चालू केलं आणि त्याच्या पाठीशी गाल नेऊन बसला. आम्ही सगळे भोवती उभे. त्यानं पाव काढला, अर्धा मला दिला, सलामी काढून घेतली. खाऊन झालं तरी गाल तिथंच.

"काय म्हणतंय?" थेअरनं विचारलं.

"वरच्या कोपऱ्यात दम लागतोय त्याला. परत पाठव."

"एल्वेझिओ, साचा बदलायला किती लागतं माहितीय?"

"गाल लाव आणि बघ."

थेअरनं चष्मा काढला आणि गाल लावला. मग कारखान्याला फोन करायला गेला.