साडूभाऊंचं पोट बँकॉकला जातं

शहाणपणाचा एवढा ताठा आणि शहाणपणाचा एवढा तुटवडा एकाच अंगात वागवणारा माणूस, माझे साडूभाऊ सोडले तर, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर सापडणार नाही. सिंदेवाहीला घर, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पण समोरच्याने सांगितलेली किंमत खरी असू शकते यावर त्यांचा आजवर विश्वास बसलेला नाही. वांगी घ्यायची तर बाजारातल्या प्रत्येक बाईला भाव विचारायचा. परत येईपर्यंत पहिल्या बाईची टोपली रिकामी. मुलीच्या लग्नात मांडववाल्यांचे इतके भाव काढले, की ऐन दिवशी शेजाऱ्यांच्या ताडपत्र्या बांधून वऱ्हाड बसवावं लागलं. मार्कंड्याच्या जत्रेत नारळाचा भाव विचारत हा गृहस्थ इतका लांब गेला, की शेवटची गाडी सुटायची वेळ झाली आणि आम्ही देवाला हात जोडले ते बसच्या खिडकीतून. वर मलाच म्हणाले, "देव कुठी पळून राह्यला काय? नारळवाला लुबाडून राह्यला, ते पाहा!"

अशा माणसाच्या पोटात पॉलिप निघाला. जेवण पचेना म्हणून चंद्रपूरला दुर्बीण घालून तपासलं, तर जठराच्या आत मांसाचा लहानसा कोंब. "दुर्बिणीतूनच काढू, तपासायला पाठवू. उशीर करू नका," डॉक्टर म्हणाले. साडूभाऊंनी खर्च विचारला आणि आकडा ऐकून उठलेच. मग नागपूर झालं, हैदराबाद झालं. सगळीकडे फक्त भाव विचारून परत. त्यानंतर मोबाइलवर परदेश सुरू झाला. इस्तंबूलच्या दवाखान्यातल्या एका बाईशी हे रोज हिंदीत बोलत, ती रोज इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांनाही सगळं समजल्यासारखं वाटे. असे सहा महिने गेले. अंगावरचा सदरा ढगळ झाला. माझी थोरली मेहुणी रडकुंडीला आली. "तुमीच सांगा त्याईले भाऊ, माह्यं काई आयकत नाई."

मी गेलो आणि तडकलोच. "अहो, स्वस्त पडतं म्हणून परदेशातली माणसं उपचाराला आपल्याकडे येतात! तुम्ही उलटे कुठे निघालात?"

"म्हून तं! सारे इकडं येऊन राह्यले, मंग तिकडचे दवाखाने खाली असन. भाव पडलाच असन."

शेवटी बँकॉक ठरलं. विमानाचं भाडं धरलं तर चंद्रपूरच्या दुप्पट खर्च होत होता, तो मी दाखवला. "तो परवास आहे, इलाज नाई," असं म्हणून त्यांनी तो वहीतून वगळला. मेहुणीने शपथ घातली म्हणून मी सोबत गेलो, आणि वाटभर यांना काय काय सुनवायचं त्याची मनात जुळवाजुळव करत राहिलो.

तिथल्या दवाखान्यात हिंदी जाणणारी एक बाई कागद भरायला आली. "घर में पहले किसी को पेट की बीमारी थी?"

साडूभाऊ माझ्याकडे वळले. "बाप पोटानंच गेला माह्या. गडचिरोलीचे डॉक्टर म्हणे, नागपूरले न्या. आमाले वाटलं, लय पैसे लागन. किती लागते, हे कोनी इचारलंच नाई. घरीच ठेवला त्याले. मांगून समजलं, दोन पोते धान इकून भागलं असतं." मग म्हणाले, "मले भेव वाटून राह्यलं, भाऊ."

त्यांना आत नेलं. गाठ साधी होती, हे चार दिवसांनी कळलं. त्या अर्ध्या तासात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या चपला मांडीवर घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो, आणि जुळवून आणलेल्या त्या वाक्यांतलं एकही मला आठवत नव्हतं.