दीड हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको होती, तिलाही नाही. उपासनेत सगळी मंडळी डोळे मिटून मनातल्या मनात पापं कबूल करते, तेव्हा मीही डोळे मिटतो — आणि हे एक सोडून बाकीची सगळी सांगतो. देवाला ठाऊक असेलच की. मग मी परत कशाला सांगू?

आधी मी कोण ते ऐका. नाव याकोब. गाव याकूकाका म्हणतं. चौथी शिकलो, तीही मास्तरांनी पुढं ढकललं म्हणून. चाळीस वर्षं जांभ्या चिऱ्याच्या खाणीत काढली — यंत्रं यायच्या आधीची खाण, टिकावानं चिरा काढायची. कातळावर पाय आपटून खाली काय आहे ते मी सांगत असे. पोकळ, भरीव, माती, पाणी. पार धामापूरपर्यंतची माणसं विहिरीची जागा बघायला मला न्यायची. बढाई म्हणून सांगत नाही. बरं — बढाई म्हणूनच सांगतो. त्या बढाईचाच तर हा सगळा घोळ आहे.

आमची मंडळी लहान, पंचवीसेक घरं. देऊळ — चर्चला आम्ही देऊळच म्हणतो — माळावर आहे. बाजूला पाळकांचं घर, मागे कबरस्थान. कुणी गेलं की खड्डा मी खणायचा. कुणी नेमलं नव्हतं. पण माळ सगळा कातळाचा, आणि पहार चालवावी तर याकूनं, असं सगळे म्हणायचे. आईचा खड्डा मी खणला. बायकोचाही मीच. तीन हात, वर चार बोटं. आत उतरून, हातानं मोजून. त्यात कधी बोटभर फरक नाही.

म्हणजे एकदा सोडून.

शिमोन पाळक आणि मार्थाबाई आमच्याकडे आले त्याला बारा-तेरा वर्षं झाली. नगरकडची माणसं. बरोबर चार वर्षांची लेक, लिआ. बाई पहिल्यांदा आमचं बोलणं ऐकून पदर तोंडाला लावून हसायच्या, वर्षभरात मलाच दारातून विचारायला लागल्या, "काका, खंय चललास?" दुसऱ्या वर्षी त्यांना आणखी एक मुलगी झाली. सातव्या महिन्यातच झाली. कृपा नाव ठेवलं. एकोणीस दिवस जगली.

जागा बाईंनी स्वतः सांगितली. सुरंगीच्या झाडाखाली — त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारातून दिसेल अशी. पाळकांनी मला विचारलं, तिथं खणता येईल का? मी झाडाकडे बघितलं. एवढी मोठी सुरंगी, म्हणजे माती खोल असणार. पाय आपटून बघितला का? नाही बघितला. सगळ्या मंडळीदेखत म्हणालो, "लोण्यासारकी माती आसा थंय. काळजी करू नकात."

दीड हातावर पहार वाजली.

तो आवाज मला कुणी शिकवायला नको. खाली सलग कातळ. झाडानं आपली मुळं एका फटीत घातली होती आणि मला फसवलं होतं — झाडानं कसलं, मीच फसलो होतो. मे महिन्याची दुपार. चार वाजता दफन. कातळ फोडायचा म्हटलं तर दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली असती. दुसरी जागा नव्हती का? होती. कुंपणाकडे काजूखाली, जिथं दर पावसाळ्यात माती वाहून येऊन साचते. दोन तासांत खणून झालं असतं. बाईंकडे जाऊन नुसतं म्हणायचं होतं — मी चुकलो, इथं कातळ आहे, जागा बदला. हे मला जमलं नाही. "मी चुकलो" हे माझ्या तोंडातून येत नाही. आजही बघा, लिहिताना हात अडतोच आहे.

मग मी काय केलं? निघालेली माती काठावर उंच रचली, थापून थापून घट्ट केली. वरून बघणाऱ्याला खड्डा खोल दिसतो. पेटी ती केवढीशी — फणसाच्या चार फळ्यांची. आणि अशा वेळी आत वाकून कोण बघतो? पाळकांनी हळूच विचारलं, "काका, पुरेसं खोल झालं ना?"

"तीन हात," मी म्हणालो.

हे खोटं झालं. पण थांबा — एवढंच असतं तर मी कागद खराब करायला बसलो नसतो.

पाळक बाईंना घेऊन त्यांच्या माहेरी गेले. आठवड्याभरानं मी कबरस्थानात गेलो तर सुरंगीखाली माती उकरलेली. कोल्ह्याच्या नखांचे ओरखडे. पेटीची एक कड वर दिसत होती. मी माती सारली, वर दगड ठेवले. पण पावसाळा तोंडावर आला होता, आणि कातळावरची दीड हात माती पावसात किती दिवस टिकते, हे मला ठाऊक नसेल तर कुणाला?

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, गाव जेवून आडवं झालं तेव्हा मी पेटी काढली. काखेत मारून नेली. हो, काखेत. दुसऱ्या हातात पहार होती. काजूखाली खड्डा खणला — तीन हात, वर चार बोटं. आत उतरून मोजला. पेटी ठेवली, माती लोटली, वर काजूचा पाचोळा पसरला. प्रार्थना केली का? नाही केली. हात मातीचे होते आणि घाई होती. मग सुरंगीखालचा रिकामा खड्डा बुजवला आणि दफनाच्या दिवशी रोवलेला नावाचा दगड होता तिथंच परत ठोकून बसवला.

सुरंगीपासून काजूपर्यंत तीस पावलं आहेत. दगड इथं, आणि मुलगी तीस पावलांवर.

पेटी हलवली ते चुकलं, असं मी म्हणणार नाही. कोल्ह्यांना द्यायची होती का? ते काम परत करायची वेळ आली तर परत करीन, कुणालाही न विचारता करीन. पण दगड का नाही नेला? पाळक परत आल्यावर त्यांना बाजूला घेऊन का नाही सांगितलं? कारण सांगायचं म्हटलं की दीड हातही सांगावं लागलं असतं. एवढंच कारण. दुसरं शोधू नका. मी अकरा वर्षं शोधून बघितलं आहे.

अकरा वर्षं बाई त्या दगडापाशी बसल्या. रविवारी उपासना संपली की, आणि मधल्या दिवसांतही संध्याकाळचं काम आटोपलं की. सुरंगी फुलली की स्वतः कळ्या वेचायच्या, गजऱ्यासारखा वळेसर करायच्या आणि दगडाला घालायच्या. मी देवळाचं आवार झाडत असायचो. एकदा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "काका, इथं बसलं की खालून ऊब येते हो. दुसरीकडे कुठं येत नाही. तिला कुशीत घेतल्यासारखं वाटतं."

ऊब येणारच. कातळ दिवसभर तापतो आणि संध्याकाळी सोडतो. वर माती पातळ असली की हाताला लागतो. खाणीवर आठ दिवस काम केलेला माणूससुद्धा हे सांगेल. मी काय म्हणालो? "होय बाई." आणि झाडू मारत राहिलो.

पुढं पुढं त्या दुसऱ्या बायकांनाही तिथं आणायला लागल्या. कुणाचं मूल गेलेलं, कुणी मूल होतच नाही म्हणून रडणारी. त्यांचा हात धरून जमिनीवर ठेवायच्या — "बघ, लागते ना?" आणि त्या बायका डोळे पुसून माना हलवायच्या. त्यांना बरं वाटायचं. वाटो. त्याचं पुण्य मी माझ्या नावावर घेत नाही.

या अकरा वर्षांत पाळकांना दोनदा बोलावणं आलं. नंदुरबारकडच्या डोंगरात नवीन सेवाकार्य उभं करायचं होतं. शाळा नाही, मंडळी नाही, सगळं पहिल्यापासून. पाळकांचं मन तिकडं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. दोन्ही वेळा बाई नाही म्हणाल्या. कृपाला एकटी टाकून मी जाणार नाही, म्हणाल्या. पाळकांनी नकार कळवून टाकला. अशी माणसं आता मिळत नाहीत.

गेल्या वर्षी तिसऱ्यांदा बोलावणं आलं. तेव्हा मंडळीनंच बैठक घेतली आणि ठरवलं — बाईंच्या मनाला धीर यावा म्हणून कृपाच्या दगडाभोवती चिऱ्याचा पक्का चौथरा बांधायचा, आणि तो सांभाळायचा शब्द द्यायचा. बाई रडल्या आणि हो म्हणाल्या. शेजारच्या वाडीतल्या बाबल गवंड्याला काम सांगितलं. तो टेप घेऊन आला, सुरंगीखाली उभा राहिला आणि म्हणाला, "पायो दोन हात तरी खणूक व्हयो."

दोन हात! म्हणजे दीड हातावर याचीही पहार वाजणार. गवंडीच तो, त्याला वेगळं सांगायला नको. सगळ्यांदेखत ओरडला असता — हयसर तर कातळ आसा, मगे त्या चेडवाक, कृपाक, पुरलंस खंय, म्हाताऱ्या?

मी त्याच्या हातातला टिकाव धरला. "हात लावू नको. खड्डो माझो, चौथरोय माझोच."

"सत्तरी उलाटली तुझी. हयसरच आडवो झालंस तर तुझो खड्डो कोण खणतलो?"

"तू खणतलंस. माप मात्र मी सांगतलंय."

लोक हसले. बाबल शिव्या देत गेला. मी पाच दिवस एकटा राबलो. चिरा उचलताना डोळ्यांपुढं काळोखी यायची, पण कुणाला जवळ येऊ दिलं नाही. बायका चहा आणून द्यायच्या, लांबून बघायच्या. म्हाताऱ्याची माया बघा, म्हणायच्या. पाया दोन हात खणावाच लागला नाही. माती बाजूला केली आणि पहिला चिरा थेट कातळावर बसवला. असला पाया अख्ख्या माळावर कुणाच्या घराला नाही. तो चौथरा हलायचा नाही. खाली काहीच नाही, पण हलायचा नाही.

निरोपाच्या उपासनेत पाळकांनी मला पुढं बोलावलं. अंगावर शाल घातली. म्हणाले, "ज्या हातांनी आमच्या लेकीचं अंथरूण घातलं, त्याच हातांनी आज तिचं घर बांधलं." सगळी मंडळी उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात. मी मान खाली घालायला हवी होती, नाही का? नाही घातली. ताठ उभा राहिलो. शाल अंगावरच ठेवून घरी आलो, आरशात बघितली. मला आवडली. दीड हात एक वेळ बाजूला ठेवा. पेटीचंही ठेवा. ही शाल मला आवडली, हे मी तुम्हाला सांगतो आहे.

जायच्या दिवशी टेम्पो दारात लागला. भांडी, पुस्तकांचे खोके, पेटी-तबला, लिआची सायकल. बाबल दोर बांधायला आला होता. बाई मला सुरंगीखाली घेऊन गेल्या. चौथऱ्यावर तळवा टेकून बसल्या, बराच वेळ. मग उठून म्हणाल्या, "काका, तुम्ही आहात म्हणून माझा पाय निघतोय. नाहीतर नसता निघाला."

तीच वेळ होती. बोलायचंही नव्हतं, नुसतं बोट दाखवायचं होतं. काजू समोर दिसत होती. सांगितलं असतं तर त्या गेल्या असत्या की राहिल्या असत्या? मला ठाऊक नाही. तुम्ही म्हणाल, नाही सांगितलंत ते बरंच झालं, बाईंचं मन राखलंत. तसं म्हणू नका. ते मला नको आहे. बाईंच्या मनाचा विचार माझ्या डोक्यात तेव्हा आलाच नव्हता. मला टेम्पोवर चढलेला बाबल दिसत होता — आणि तो ऐकेल, एवढंच डोक्यात होतं.

"मी आसंय हयसर," मी म्हणालो. "जावा तुमी."

गेले. तिकडं बरं चाललं आहे म्हणतात. बाई दर रविवारी एका टेकडीवर चढून फोन करतात. घराजवळ रेंज लागत नाही. धाप लागलेली असते. पहिलं विचारतात ते हेच — "काका, फुलं घातलीत?"

"घातली."

हे खोटं नाही. दर रविवारी घालतो. हंगामात सुरंगीचा वळेसर, एरवी जास्वंद. आता तुम्हाला वाटत असेल, म्हातारा एखादं फूल गुपचूप काजूखालीही ठेवत असेल. नाही ठेवत. कुणी बघितलं तर विचारेल, इथं काय आहे? म्हणून मी तिथला पाचोळासुद्धा झाडत नाही. सगळी फुलं चौथऱ्यावर, रस्त्यावरून दिसतील अशी. मुलीला माझ्या हातून आजवर एकही फूल गेलेलं नाही.