सैनिकांचा संत
कपाटातून लोकरीच्या घोंगड्याचा उग्र वास आला आणि मला सांगलीच्या इस्पितळातली एक दुपार आठवली. आई असंच घोंगडं पांघरून खाटेवर होती आणि भाऊ सरहद्दीवर, बर्फात. त्याची रजा अजून मंजूर व्हायची होती. औषध द्यायला आलेल्या केरळच्या तरुण नर्सनं गळ्यातलं पदक आईला दाखवलं. त्यावर घोड्यावर बसलेला एक शिपाई होता. “हा संत मार्टिन. सैनिकांना सांभाळतो,” ती सावकाश मराठीत सांगू लागली. “थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसला, तेव्हा यानं तलवारीनं आपला झगा कापला आणि अर्धा त्याला दिला. त्याच रात्री येशू स्वप्नात आला, तोच अर्धा झगा पांघरून.” आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पर पोरी, उरलेल्या अर्ध्यात त्या लेकराला थंडी न्हाई का वाजली?” नर्सनं नुसता आईचा हात धरला. दोन दिवसांनी आई गेली. भाऊ त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचला. तो आता निवृत्त होऊन कडेगावला परतलाय, आणि हे त्याला सांगायचं धाडस मला यंदा झालं. तो हळूच म्हणाला, “आनी काय म्हनली गं आई?” मला आणखी काहीच आठवेना.