ठिपका हाय, माणूस न्हाई

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर नजर ठेवा, चहाच्या टपरीला वर्षभर पुरतील एवढे किस्से जमतात! परभणीतली आमची छोटी संस्था. काम एकच, गावोगाव जाऊन शेळ्यांना लस टोचायची. गड्यांनी गावात पोचलं की ग्रुपवर लोकेशन टाकायचं, अन् मी ऑफिसात बसून ते तपासायचं.

आता आमचा भगवान. दहाला लोकेशन जिंतूर, दहा वाजून पाच मिनिटांनी राणीसावरगाव! मी फोन केला, "भगवानराव, एवढ्या वेळात जिंतूरच्या स्टँडवरून एसटी बी बाहेर पडत न्हाई!"

"शॉर्टकटनं आलो सर."

संभाचं बोट जाड. खोटं लोकेशन टाकताना पिन घसरली अन् गडी थेट गोदावरीच्या पात्रात! मी लिहिलं, "मासोळ्यांना टोचायलास का रे?" उत्तर आलं, "नेटवर्क लय वीक हाय सर." खाली सात जणांनी अंगठे दाखवले. त्यात एक आमच्या साहेबांचा!

राजाभाऊ लोकेशनसोबत शेळीचा फोटोही टाकायचे. पोखर्णीत जी शेळी, तीच पुढं चार गावांत.

"राजाभाऊ, हिला सोबत घेऊन फिरता काय?"

"सर, शेळ्या सगळ्या सारख्याच दिसतात!"

पण ह्याच राजाभाऊंनी पुढं कहर केला. शेळ्यांत रोग पसरलेला, लोक लसीची वाट बघून कावलेले. साहेबांनी हुकूम काढला, "आता लाइव्ह लोकेशन!" दुसऱ्या दिवशी राजाभाऊंचा ठिपका राणीसावरगावच्या शिवारात, गयाबाईच्या शेळ्यांच्या वाड्यावर. दहाला तिथं, तीनलाही तिथंच. शंभर शेळ्यांमागं धावणारा माणूस खुंट्यासारखा एका जागी उभा राहतो व्हय? मोबाइलात खोटं लोकेशन दाखवणारं ॲप टाकलं होतं बेट्यानं! माझं डोकंच फिरलं. साहेबांना दाखवलं, तर म्हणाले, "लोकेशन आलंय ना? मग झालं की!"

तेवढ्यात दारात गयाबाईच उभी. दोन गाड्या बदलून आलेली, धापा टाकत होती.

"साहेब, चार दिस झाले, कुणीच आलं न्हाई. माझ्या शेळ्या पटापट मरायल्यात."

साहेबांनी मोबाइल तिच्या तोंडापुढं धरला. "मावशी, खोटं बोलू नका. हा ठिपका बघा. आमचा माणूस ह्या घडीला तुमच्याच वाड्यावर हाय!"

गयाबाईनं ठिपका नीट बघितला. पदरानं तोंड पुसलं.

"मग बरंच झालं की! फोन लावा त्याला. म्हणावं, सकाळपासनं दोन मेल्यात. म्या येईस्तोवर खड्डा खांदून ठेव."