पोह्याच्या पापडांचं पुडकं

रोह्याजवळचा तो वृद्धनिवास पाहायला मी पेणहून एकटीच गेले होते. हिंडत्या-फिरत्यांच्या खोल्या वरच्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेल्यांच्या खाली. एकदा आलं की शेवटपर्यंतची सोय. माझाच अर्ज भरून पर्समध्ये ठेवला होता, पण तो काउंटरवर द्यायला हात धजत नव्हता.

तेवढ्यात ती आली. खाडीकडची असावी, सत्तरीची, नऊवारी घट्ट नेसलेली. कायमची राहायला आली होती. पत्र्याची ट्रंक तिनं खाली ठेवली, पण हातातलं पोह्याच्या पापडांचं पुडकं काही सोडेना.

"गो पोरी, या घरची बाई कोन?" तिनं काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"मॅनेजर साहेब आहेत ना, आजी."

"साहेब नको. बाई सांग. पयल्यांदा कुनाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाय आमी."

मुलगी गोंधळली. म्हातारी स्वयंपाकघरात डोकावली. तिथं आचारी, तोही पुरुष. जिन्याजवळ खुर्चीत एक आजी डुलक्या घेत होती. पुडकं या हातातून त्या हातात करत ती परत आली आणि माझ्यासमोर थांबली.

"तुमी हितल्याच का?"

"नाही... नुसती बघायला आलेय. निघतेच आता."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. पदर सारखा करून तिनं पुडकं माझ्या हातात कोंबलं.

"मंग आमच्या घरून रिकाम्या हातानं नका जाऊ. आन् परत या."

फाटकापर्यंत ती मला पोचवायलाही आली. अर्ज पर्समध्येच होता, आणि आता तो नक्की कुणाच्या हातात द्यायचा, हेच मला कळेना.